टोकणारा माणूस पगारात धरावा

पत्र: "ताई, मी २४ वर्षांची. मराठी घेऊन एम.ए. केलं. गेले आठ महिने आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून जाते. महिन्याला पाच-सहा ड्यूट्या मिळतात, बाकीचे दिवस शिकवण्या घेते. आमचं गाव वऱ्हाडातलं. घरी आम्ही 'शाया', 'डोया', 'केयी' असंच बोलतो. ऑडिशनसाठी महिनाभर घोकून ळ बसवला, पण घाईत जुना उच्चार निसटतो. केंद्रावर एक वरिष्ठ उद्घोषक आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. ते माझी ड्यूटी घरी बसून ऐकतात आणि पुढच्या वेळी गेले की चुकांचा कागद हातात ठेवतात. सगळ्यांसमोर. गेल्या महिन्यात त्यावर १९ चुका होत्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. काका सात महिन्यांनी निवृत्त होतील.

आता मुंबईच्या एका मराठी वृत्तवाहिनीकडून बोलावणं आलंय. 'चेहरा कॅमेऱ्याला मानवतो, आवाज तयार आहे, शिकवण्यासारखं फार काही उरलेलं नाही,' असं ते म्हणाले. थेट अँकर म्हणून घेणार आहेत. मात्र २ वर्षांचा बॉण्ड आहे आणि मूळ प्रमाणपत्रं जमा करायची आहेत. पंधरा दिवसांत कळवायचंय. आई म्हणते, बी.एड. कर आणि मोकळी हो. मी काय करू? आणि एक वेडा प्रश्न: रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचा आवाज ऐकला की मला अगदी नकोसं होतं. हे कधी थांबतं? – एक निवेदिका"

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. 'शिकवण्यासारखं फार काही उरलेलं नाही.' आठ महिने माइकसमोर बसलेल्या मुलीला असं सांगणारा माणूस एक तर तिला खूश करतोय, नाहीतर त्याला शिकवायला सवड नाही. मला दुसरं कारण खरं वाटतं. वृत्तवाहिनीत कुणालाच सवड नसते. त्यात त्यांचा फार दोषही नाही, चोवीस तास पडदा भरायचा असतो. पण तू या वाक्याला शाबासकी समजलीस आणि काकांच्या कागदाला अपमान. माझ्या मते हिशेब नेमका उलटा झालाय.

एकोणीस चुका लिहायच्या तर काय करावं लागतं, जरा बघ. सगळी ड्यूटी कान देऊन ऐकावी लागते. घरातल्यांना गप्प बसवावं लागतं. कागद-पेन घेऊन, गाणं चालू असतानाही उठायचं नाही, कारण गाण्याच्या शेवटी तू फेडर (माइकचा आवाज चढवायची-उतरवायची कळ) कधी उघडतेस तेही ऐकायचं असतं. या कामाचा काकांना कुणी एक रुपया देत नाही. निवृत्तीला सात महिने उरलेला माणूस आपली सकाळ त्यासाठी देतो, कारण त्याला तुझ्यात काहीतरी दिसलंय. ज्यांच्यात काही दिसत नाही त्यांच्यासाठी कुणी कागद खराब करत नाही. विचारून बघ, बाकीच्या नैमित्तिक उद्घोषकांना मिळतो का असा कागद?

माझ्या वेळी काका नव्हते, बाई होत्या. कडक. दहा मिनिटांचं एक ललित मी वाचून रेकॉर्ड केलं होतं आणि मनातून फार खूश होते. बाईंनी स्पूल मशीनवर चढवली, हातात ब्लेड दिलं आणि म्हणाल्या, "यातले तुझे ऐकू येणारे सगळे श्वास काप, आणि फेकू नकोस." तुला हे दिसणार नाही म्हणून सांगते. तेव्हा आवाज पाव इंच रुंदीच्या फितीवर असायचा. आमच्याकडे भाषणाची फीत सेकंदाला साडेसात इंच या वेगाने पळायची. जागा सापडवायला रीळ हाताने मागेपुढे फिरवायचं, पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, तिरका छेद द्यायचा आणि टोकं पट्टीने चिकटवायची. अर्ध्या सेकंदाचा श्वास म्हणजे पावणेचार इंच फीत. मी दोन दिवस श्वास कापत बसले. कापलेले तुकडे टेबलाच्या कडेला ओळीने लटकत होते. तिसऱ्या दिवशी बाईंनी ते सगळे तुकडे एकाला एक जोडले आणि वाजवले. पाऊण मिनिट नुसती धाप! सूं, सूं, सूं. "हे तू लोकांना ऐकवणार होतीस," म्हणाल्या. मग श्वास काढलेलं ललित लावलं. तेही भयंकर होतं, मेलेल्या माणसाने वाचल्यासारखं. "आता कळलं? श्वास हवा, पण तो तुझा तू घे, मला ऐकवू नकोस."

मीही रडले होते. जिन्यात, कारण आमच्याकडच्या बाथरूमला कडी नव्हती.

सांगायचा मुद्दा असा की या व्यवसायाच्या सुरुवातीला माध्यम कोणतं, शहर कोणतं, पद कोणतं याला फारसं महत्त्व नाही. आपलं बोलणं ऐकून घेऊन टोकणारं कुणी आहे का, एवढंच बघायचं. आवाज ही वस्तू अशी आहे की ती आपली आपल्याला नीट कळत नाही आणि कौतुक करणाऱ्यांना तर मुळीच कळत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत जी खोड लागते ती जन्मभर राहते. वाक्याच्या शेवटी सूर गिळणं, प्रत्येक गोष्टीत हसू मिसळणं, बातमी असो की जाहिरात एकाच चालीत म्हणणं, असल्या खोड्या पडद्यावर आणि लाउडस्पीकरवर वर्षानुवर्षं सुखाने नांदताना तूही ऐकल्या असशील. त्या माणसांना सुरुवातीला कुणी कागद दिला नाही.

आता काकांचं चुकलं कुठे, तेही बोलू. सगळ्यांसमोर कागद देणं चूक आहे. ते तू त्यांना सांगायला हवंस, आणि सांगता येईल. "काका, कागद मला हवाच आहे. फक्त चहाच्या वेळी एकटीला द्या, म्हणजे एकेक चूक नीट विचारता येईल." जुन्या पिढीच्या माणसाला पाहुण्यासारखं बोललं की राग येतो, हक्काने बोललं की येत नाही. बहुधा ते हसतील आणि पुढचा कागद दुप्पट लांब असेल.

आणि एकोणीस चुका सारख्या वजनाच्या नसतात, हे त्यांच्याकडूनच वेगळं करून घे. फेडर उशिरा उघडला, तबकडी चुकीची लावली, या हाताच्या चुका. त्या सवयीने जातात. मी एकदा मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी तेहतीसवर लावली होती; गायिकेचा आवाज गायकाचा झाला आणि मी अर्धं गाणं होईपर्यंत शांतपणे पुढची क्यूशीट, म्हणजे कार्यक्रमांच्या क्रमाचा कागद, वाचत बसले होते. लोक हसले, विसरले. उच्चाराच्या चुका दुसऱ्या, त्यांच्याकडे येतेच. पण तिसऱ्या चुका अर्थाच्या असतात आणि त्या सगळ्यात वाईट, कारण त्या श्रोत्याला फसवतात. 'मुख्यमंत्री म्हणाले, विरोधी पक्षनेते खोटं बोलतात.' आता स्वल्पविराम हलव. 'मुख्यमंत्री, म्हणाले विरोधी पक्षनेते, खोटं बोलतात.' शब्द तेच, ठपका दुसऱ्यावर. छापील कागदावर हा विराम डोळ्याला दिसतो. रेडिओवर तो तुझ्या श्वासाने घालायचा असतो. बाईंना श्वासाचा एवढा ध्यास का होता ते मला यामुळे समजलं, पण फार उशिरा. कागद आला की आधी अर्थाच्या चुका शोध. त्या शून्य झाल्या तर बाकीच्या पंधरा खुशाल राहू देत काही दिवस.

तुझ्या ळ बद्दल. अमीन सयानी तुला ठाऊक असतील. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली तेव्हा ते जेमतेम वीस वर्षांचे होते. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप सिलोनला जायची. आठवड्याला २५ रुपये मिळायचे, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. पण त्याच माणसाला त्याआधी आकाशवाणीच्या हिंदी विभागाने ऑडिशनमध्ये नापास केलं होतं, कारण हिंदी उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप होती. त्यांनी बसून ती घालवली. पुढे भारतातल्या कित्येक पिढ्यांना हिंदी कशी बोलावी हे त्यांच्याकडे बघून, म्हणजे ऐकून, कळलं. तेव्हा गावाकडची जीभ घेऊन या धंद्यात येणारी तू पहिली नाहीस. प्रत्येक गावाची जीभ कुठे ना कुठे अडखळते. ज्यांना वाटतं आपली अडखळत नाही, त्यांना 'चार' आणि 'चारा' एकापाठोपाठ म्हणायला सांग आणि दोन्ही च कुठून येतात ते विचार. गोंधळतील.

तुझा ळ घाईत निसटतो असं तूच लिहिलंयस. म्हणजे आजार ळ चा नाही, घाईचा आहे. ड्यूटीला अर्धा तास आधी जा. जे वाचायचंय ते पुटपुटून न वाचता पूर्ण आवाजात एकदा वाच आणि प्रत्येक ळ ला लाल शाईचं वर्तुळ कर. डोळ्याला आधी दिसलं की जीभ तयार राहते; टोक वर मागे वळवून टाळूला लावायला तिला क्षणभर अवधी लागतो, तो मिळतो. दोन-तीन महिन्यांत वर्तुळं लागणार नाहीत. पण एक कर माझ्यासाठी. घरी आजीशी बोलताना 'शाळा' म्हणू नकोस. आणि शेतीच्या कार्यक्रमात एखादा शेतकरी 'डोया' म्हणाला तर पुढच्या प्रश्नात 'डोळा' म्हणून त्याला दुरुस्त करू नकोस, त्याचा आवाज लगेच बारीक होतो. बातम्यांची भाषा वेगळ्या फडताळात ठेव, घरची वेगळ्या. दोन्ही फडताळं ज्याच्याकडे आहेत तो उद्घोषक श्रीमंत. पुण्या-मुंबईच्या कित्येकांकडे एकच असतं.

उच्चाराचंच निघालंय तर एक वही आजपासून घाल. नावांची वही. तुमच्या केंद्राच्या पट्ट्यातली गावं, नद्या, धरणं, आडनावं. स्थानिक माणूस म्हणतो तसं लिहायचं. शंका आली की त्या गावच्या माणसाला फोन करून विचारायचं. गावाचं नाव चुकीचं उच्चारलं की त्या गावापुरती तुझी बातमी खोटी ठरते. पुणे केंद्राच्या सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांना माणसं घड्याळं लावत, त्या वाचणाऱ्या सुधा नरवणे यांचा आवाज घरातल्या माणसाचा वाटे. ते आवाजाच्या गोडीने झालं असं समजू नकोस. नाव, आकडा, तारीख यांवर ऐकणाऱ्याचा विश्वास बसला की मग आवाज घरचा होतो.

आता वाहिनीकडे वळू. टीव्हीविरुद्ध माझं काही नाही. मीही पुढे काही वर्षं कॅमेऱ्यासमोर बातम्या वाचल्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा बातम्या द्यायला आलेल्यांत स्मिता पाटील होत्या, भक्ती बर्वे होत्या. पुढे अभिनेत्री म्हणून त्या कुठे पोचल्या ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या काळचं बातमीपत्र आटोपशीर असायचं, कागद आधी हातात यायचा, वाचायला वेळ असायचा. आज अँकरला जे करावं लागतं त्याला वाचन म्हणणंच चूक. टेलिप्रॉम्प्टरवर दोन ओळी असतात आणि तिसरी येतच नाही. कानातल्या इयरपीसमध्ये पीसीआरमधून, म्हणजे नियंत्रण कक्षातून, कुणीतरी ओरडत असतं, 'फोनो (बातमीदाराचा फोन) घे, फोनो घे, नाही थांब, दृश्यं आलीत.' तेव्हा तू बोलतही असतेस आणि ऐकतही असतेस. पूर आला, पूल पडला, सरकार पडलं, की पुढचा तास-दोन तास कागदाशिवाय बोलायचं. हातात काय असतं? दोन ओळींची बातमी, तीच तीच दृश्यं आणि तुझ्या डोक्यात जे आधीपासून आहे तेवढंच. डोक्यात काही नसेल तर माणूस विशेषणं वापरायला लागतो. धक्कादायक, खळबळजनक, थरारक. अँकर ओरडतात त्याचं निम्मं कारण वाहिनीचं धोरण असेल, पण उरलेलं निम्मं कारण माहितीचा दुष्काळ आहे.

म्हणून थेट अँकर होण्यात सन्मान कमी आणि धोका जास्त दिसतो मला. ज्या मुलीने कधी बातमी लिहिली नाही, रनडाउन, म्हणजे बातम्यांचा क्रम, लावला नाही, बातमीदारांना कामं वाटणाऱ्या असाइनमेंट डेस्कवर बसून बातमीदाराशी फोनवर भांडली नाही, तिला कॅमेऱ्यापुढे बसवलं तर ती छान दिसते आणि पहिल्या मोठ्या बातमीला उघडी पडते. मग तिला दुपारच्या आरोग्यविषयक कार्यक्रमाला पाठवतात, तिथून सणासुदीच्या विशेष कार्यक्रमांना. असं होताना मी पाहिलंय. ज्या नंतर टिकल्या त्या बहुतेक डेस्कवरून आल्या होत्या.

वाहिनीला फोन कर आणि चार गोष्टी विचार, फोन झाल्यावर ई-मेलनेही लिही. पहिले सहा महिने डेस्कवर, बातम्यांची कॉपी लिहायला घ्याल का? माझं बुलेटिन झाल्यावर ते माझ्याबरोबर बसून कोण बघेल? नाव सांगा, पद नको. रात्रपाळी आठवड्याला किती आणि घरी सोडायला गाडी आहे का? पगार प्रशिक्षणार्थी म्हणून किती आणि नंतर किती? दुसऱ्या प्रश्नाला 'इथे सगळे एकमेकांकडून शिकतात' असं उत्तर आलं तर समज, कुणीच बघणार नाही.

बॉण्डबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. मूळ प्रमाणपत्रं कुणालाही जमा करायची नाहीत. दाखवायची, साक्षांकित प्रती द्यायच्या, मूळ परत पिशवीत. तुझी एम.ए.ची पदवी हे तुझ्या नोकरीचं तारण नाही. 'सोडल्यावर अमुक काळ दुसऱ्या वाहिनीत काम करायचं नाही' असं कलम असेल तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे ते सहसा टिकत नाही. पण 'प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागेल' अशी अट वेगळी. ती वाजवी असेल तर लागूही होऊ शकते. म्हणून मसुदा आधी मागून घे आणि तालुक्याच्या कोर्टातल्या एखाद्या ओळखीच्या वकिलाला सही करण्याआधी दाखव. प्रशिक्षणाचा खर्च मागणाऱ्यांनी तुला 'शिकवण्यासारखं काही उरलं नाही' असंही सांगितलंय, हे वकिलाला सांगायला विसरू नकोस. त्याची करमणूक होईल.

मग करायचं काय? घर तुझ्या पैशांवर चालत असेल, कर्ज असेल, कुणाचं औषधपाणी असेल, तर माझं पुढचं बोलणं ऐकू नकोस. मुंबईला जा, डेस्कसाठी हट्ट धर, मूळ कागद घरी ठेव आणि काकांचा फोन नंबर जपून ठेव. पाच-सहा ड्यूट्यांच्या मानधनात पोट भरत नाही. कला, साधना वगैरे शब्दांनी तुला ते पचवायला लावणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस. नैमित्तिक उद्घोषकाला कायम होण्याचं आश्वासन कुणी देत नाही. आज ना उद्या घेतील म्हणून पंधरा-वीस वर्षं वाट बघणारी माणसं मला माहीत आहेत. तू ती चूक करायची नाहीस.

पण घर तुझ्यावाचून चालत असेल, तर सात महिने थांब. फक्त सात. काकांच्या निवृत्तीपर्यंत. वाहिनीला 'जूनपासून येऊ शकते' किंवा जो महिना येत असेल तो सांग. ज्यांना चेहराच हवा होता त्यांना तोवर दुसरा मिळेल. ज्यांना तू हवी असशील ते थांबतील किंवा पुन्हा बोलावतील. मराठी वृत्तवाहिन्यांमध्ये माणसं सारखी येतात-जातात, जागा रिकाम्या होत राहतात. काका मात्र एकदाच निवृत्त होणार आहेत, आणि त्यांच्या जागी कायमचा उद्घोषक येईलच याची खात्री मी देणार नाही.

या सात महिन्यांत शिकवण्या कमी करून आवाजाची बाकीची कामं बघ. लग्नसमारंभातलं सूत्रसंचालन म्हणत नाही मी, तिथे माणूस ओरडायला शिकतो. ऑडिओबुकचं वाचन कर. सलग दोन-तीन तास एकाच पट्टीत राहून, पात्रांना न नाचवता गोष्ट सांगणं ही उत्तम तालीम आहे, आणि मराठी पुस्तकं आता त्या बाजारात बरीच येतात. फक्त काम घेण्याआधी केंद्रावर विचारून घे की चालेल ना, शक्य तर लेखी. मोबाइलच्या अॅपवर ऐकू येणारं सगळं 'किरकोळ' समजून नंतर केंद्राच्या पॅनेलमधून, म्हणजे नैमित्तिक उद्घोषकांच्या यादीतून, नाव जायला नको. खासगी एफएमचंही कुणीतरी सुचवील. तिथे हजरजबाबीपणा शिकशील, दोन गाण्यांमधली लिंक तीस सेकंदांत बांधायला शिकशील, पण तुला बातमीत जायचं असेल तर ध्यानात ठेव: खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा लावता येतात.

आईचं बी.एड. तिला वाटतं तितकं सोपंही नाही आणि तुला वाटतं तितकं वाईटही नाही. आता ते दोन वर्षांचं आहे. या वर्षी नको. आईला रागावू नकोस, तिने तुझा बॉण्ड न वाचताच त्यातली भीती ओळखलीय.

राहिला तुझा वेडा प्रश्न. स्वतःचा आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून कानात आणि कवटीच्या हाडांतून आत. हाडांतून येणारा आवाज जड, खर्जाचा असतो. रेकॉर्डिंगमध्ये ती वाट बंद होते आणि उरतो तो पातळ, परका आवाज. तोच जगाला ऐकू येतो. म्हणून नकोसं होतं, सगळ्यांनाच होतं. मला अजून होतं. उपाय एवढाच की रेकॉर्डिंग त्याच दिवशी ऐकायचं नाही. आठवड्याने ऐकायचं. तोवर आपण काय बोललो ते विसरलेलं असतं आणि दुसऱ्या कुणाचं तरी ऐकतोय अशा मनाने ऐकता येतं. दर ड्यूटीचं फोनवर रेकॉर्डिंग करून ठेव, तारीख घालून. काकांच्या कागदाशी ताडून बघ. सुरुवातीला तुला तीन चुका सापडतील आणि त्यांना एकोणीस. ज्या दिवशी त्यांच्या कागदावर नसलेली एखादी चूक तुला सापडेल, त्या दिवशी ती घेऊन त्यांच्याकडे जा. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होईल.

आणखी एक. पुढच्या रविवारी पहाटेची ड्यूटी आहे, असं पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंयस, केंद्राच्या नावासकट. ते नाव मी इथे छापत नाही. तुमची मध्यम लहर माझ्यापर्यंत पोचत नाही, पण आकाशवाणीच्या अॅपवर तुमचं केंद्र लागतं, काल लावून बघितलं. मी ५ वाजून ५० मिनिटांना उठून बसेन. संकेतधून होईल, वंदे मातरम् होईल, मग तू बोलशील. कागद-पेन जवळ असेल. पहिल्या वाक्याआधीचा श्वास ऐकू आला तर कळवीन.

तुझी,
ताई